जुन्या मॉडेल रेल्वेचा रंग उतरवून नव्याने रंगवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळा आवरताना ट्रंकेतून इंजिन निघतं. काकांनी किंवा आजोबांनी कधीकाळी विलायतेहून आणलेलं. खोका फाटलेला, रंगाचे पोपडे निघालेले, आणि वर कुणीतरी लहानपणी दाराचा उरलेला ऑइलपेंट फासलेला. मग मला फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते : "कशाने निघेल?" याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केलेत. विचारणाऱ्यांकडे बहुतेक वेळा हॉर्नबी डब्लो, ट्राय-अँग, मर्कलिन किंवा लिमा या परदेशी ब्रँडपैकी काहीतरी असतं. उदाहरणंही त्यांचीच आहेत.

१. रंग उतरवायलाच हवा का? नुसतं साफ करून भागणार नाही का?

बऱ्याचदा भागतं. मला येणाऱ्या फोटोंपैकी कितीतरी इंजिनांना खरं तर आंघोळ हवी असते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, कापसाची ओली काडी, आणि एका वेळी नखाएवढीच जागा. छापील आकडे आणि नावं घासू नका, त्यांच्या कडेकडेने जा. थुंकीने पुसणं हसण्यावारी नेऊ नका. संग्रहालयातले तज्ज्ञही जुन्या चित्रांवरचा मळ कधी कधी तसाच काढतात, कारण थुंकीतली विकरं मळ सैल करतात. रंग फिका आणि धुरकट झाला असेल, पण शाबूत असेल, तर गाडीच्या दुकानातलं रबिंग कंपाउंड अगदी हलक्या हाताने फिरवलं तरी पुरतं.

रंग उतरवायचा तो तीनच कारणांनी : पोपडे निघून धातू उघडा पडलाय, वर कुणी दुसरा रंग फासलाय, किंवा आधीच कुणी तरी वाईट रंगवून ठेवलंय. कारखान्याचा मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही. दुसरा कितीही सुंदर मारला तरी तो तुमचा रंग असतो.

२. माझ्याकडची पत्र्याची, चावीची गाडी आहे. तिचाही रंग असाच काढायचा का?

आधी भिंगातून बघा. रंगात बारीक ठिपके दिसले, खिडक्या, दारं, रिव्हेट सगळं सपाट चित्रासारखं असलं, तर तो फवारलेला रंग नाही. तो पत्र्यावर छापलेला आहे : आधी सपाट पत्र्यावर छपाई, मग कापून वाकवून डबा. असा छापील पत्रा कधीही रिमूव्हरमध्ये, म्हणजे रंग काढायच्या द्रावणात, बुडवू नका. तुम्ही रंग नाही, अख्खं चित्र पुसाल आणि ते हाताने पुन्हा काढता येणार नाही. गंज आलेल्या जागी तेवढ्यापुरता रंग लावा आणि थांबा.

हॉर्नबी डब्लोच्या काही डब्यांत तर बाजू छापील पत्र्याच्या, आणि छप्पर व टोकं प्लॅस्टिकची. असा डबा सबंध बुडवला तर दोन्हीकडून नुकसान.

३. रंगाखाली काय आहे हे ओळखायचं कसं?

लोक रंग कुठला ते विचारतात. खरा प्रश्न रंगाखालच्या पदार्थाचा असतो, कारण औषध त्याच्यावर ठरतं.

फ्रिजवरचं चुंबक लावा. चिकटलं तर लोखंडी पत्रा. नाही चिकटलं आणि हाताला जड, गार लागतंय, तर बॉडीच्या आतून, दिसणार नाही अशा ठिकाणी सुईने ओरखडा काढा. पिवळा निघाला तर पितळ. करडा निघाला आणि धातू कडक असेल तर बहुतेक जस्ताचा ओतीव मिश्रधातू, ज्याला इंग्लंडमध्ये मॅझॅक म्हणतात. करडाच, पण सुई सहज रुतते, तर व्हाइट मेटल. घरी जोडायच्या किटमध्ये हा धातू असायचा. हलकं आणि टिचकी मारल्यावर बद्द वाजणारं ते प्लॅस्टिक.

हॉर्नबी डब्लो १९३८ साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने आणली आणि तिच्या इंजिनांच्या बॉड्या बहुतांशी ओतीव जस्ताच्या आहेत. ट्राय-अँग आणि लिमा म्हटलं की प्लॅस्टिक. जुन्या मर्कलिनमध्ये पुन्हा ओतीव धातू जास्त.

४. मग कशावर काय वापरायचं?

प्लॅस्टिकसाठी पहिली पसंती आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. करोनानंतर ते कुठेही मिळतं. सॅनिटायझर नको, ९९ टक्क्यांचं शुद्ध घ्या. झाकणाच्या डब्यात बुडवून दर अर्ध्या तासाने बघा. रात्रभर विसरू नका, काही प्लॅस्टिक त्यात ठिसूळ होतं. हट्टी इनॅमल (तेलाच्या जातीचा कडक रंग) त्याला दाद देत नाही. तिथे ब्रेक ऑइल चालतं, डॉट ३ किंवा डॉट ४. बाइकच्या टाकीवर ते सांडलं की काय होतं हे मेकॅनिकला विचारा. डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं. त्याने रंग निघत नाही आणि मागे राहिलेल्या थरावर नवा रंगही बसत नाही.

पितळ सगळ्यात सोशिक. आयपीए, थिनर, बाजारातला जेलसारखा पेंट रिमूव्हर, काहीही चालतं. मात्र भाग सुपरग्लूने चिकटवले असतील तर ॲसिटोनमध्ये ते सुटे होऊन डब्याच्या तळाशी सापडतील.

ओतीव जस्तावरचा कारखान्याचा रंग भट्टीत भाजलेला असतो आणि तो चिवट असतो. आयपीएने तो सहसा हलत नाही (याचा उलटा फायदा प्रश्न १७ मध्ये आहे). इथे पेंट रिमूव्हर लागतो. लेबल वाचा. त्यात डायक्लोरोमिथेन असेल तर गच्चीवर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करा. ते श्वासातून शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि साध्या रबरी हातमोज्यांतून ते आरपार जातं. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नको.

कॉस्टिक सोडा फक्त पितळ किंवा साध्या लोखंडासाठी. जस्त आणि ॲल्युमिनिअम तो खातो, वर हायड्रोजन सोडतो. पत्र्यावरचा कथिलाचा मुलामाही त्यात जातो. ओव्हन क्लीनरमध्येही बहुधा कॉस्टिकच असतं, हे लक्षात येत नाही. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही.

कोपऱ्यांतला रंग काढायला स्टीलचं टोक नको. टूथब्रश आणि अगरबत्तीची जळून उरलेली काडी. ही काडी टोकाशी जराशी चावून मऊ केली की रिव्हेटच्या ओळींतून सुरेख फिरते. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. बरणीत गाळ बसू द्या, वरचं पुन्हा वापरा.

५. डेटॉलने रंग निघतो असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे. इंग्लंडमध्ये कितीतरी छंदिष्ट हेच वापरतात. तपकिरी, जुनं डेटॉल, पाणी न घालता. प्लॅस्टिकवरच्या इनॅमलला ते चांगलं लागू पडतं आणि एक दिवस बुडवून ठेवलं तर रंग मऊ होतो.

फसगत पुढे होते. बाहेर काढलं आणि सवयीने नळाखाली धरलं, की डेटॉल पाण्यात दुधाळ होतं आणि सुटलेल्या रंगाचा डांबरासारखा चिकटा तयार होतो. तो मग निघता निघत नाही. म्हणून आधी ब्रश ताज्या डेटॉलमध्येच बुडवून सगळा रंग घासून काढा, पुन्हा थोड्या स्वच्छ डेटॉलने धुवा, आणि शेवटी साबण-पाणी. घरात आठवडाभर दवाखान्याचा वास राहतो, त्याची घरच्यांना आधीच कल्पना द्या.

६. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तोच का नको?

धातूवर हवा तर वापरा. प्लॅस्टिकवर थेंबही नको. पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही दोन्ही प्लॅस्टिकं त्यात विरघळतात.

हे मी पैसे मोजून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका मालगाडीच्या डब्यावर फक्त आकडे पुसायचे म्हणून थिनरचं फडकं फिरवलं. आकडे गेले, पण त्यांच्याबरोबर फळ्यांमधल्या रेघाही गेल्या आणि बाजूवर माझ्या बोटाचा ठसा कायमचा उमटला. तो डबा अजून ठेवलाय. नवीन कुणी शिकायला आलं की आधी तो हातात देतो.

ट्राय-अँगची अगदी सुरुवातीची काही मॉडेलं सेल्युलोज ॲसिटेटची होती. ती मुळातच वाकडी होत जातात. तुमच्या डब्याचं छप्पर केळ्यासारखं वळलं असेल तर कुठलंच रसायन वापरू नका, साबण-पाण्यावर थांबा.

७. बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आहेत. पुट्टी भरून रंगवली तर चालेल ना?

नाही, आणि हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. याला झिंक पेस्ट म्हणतात. ओतताना जस्तात शिसं किंवा तसाच दुसरा धातू अगदी थोडा मिसळला गेला, की पुढच्या काही दशकांत, विशेषतः दमट हवेत, धातू कणाकणांच्या सीमेवरून आतून फुटत जातो. तो फुगतो, लांब होतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओतीव मालात हे जास्त दिसतं.

याला इलाज नाही. रंग उतरवताना घासलं की तुकडे हातात येतात, आणि पुट्टी भरली तर भेग पुट्टीला घेऊन वाढते. अशी बॉडी कोरड्या जागी ठेवा, फोटो काढा, आणि चालवायचंच असेल तर बदली बॉडी शोधा. ओळखायची खूण : बॉडी पूर्वी चॅसिसवर (खालच्या सांगाड्यावर) नीट बसायची आणि आता स्क्रूची भोकं जुळत नाहीत.

रंगाचे तडे वेगळे. ते फक्त रंगातच असतात, खाली धातू गुळगुळीत असतो. भिंगातून फरक कळतो.

८. जुन्या रंगात शिसं असतं का?

असतं असंच धरून चला. १९७० च्या आधीचं काहीही असेल तर कोरडं घासू नका. वॉटर पेपर, आणि तोही पाण्यात बुडवून. भुकटी उडता कामा नये. लहान मुलं आणि चहाचा कप, दोन्ही टेबलापासून लांब.

९. मोटर, चाकं काढावी लागतात का?

हो, सगळी. मोटर, वायरी, चाकं, दिवे, खिडक्यांच्या काचा. प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढा आणि स्क्रू आइस ट्रेच्या वेगवेगळ्या खणांत ठेवा.

१०. रंग निघाला. आता लगेच नवा मारू का?

आधी साबणाने धुवा आणि शेवटचं पाणी बॅटरीचं घ्या. नळाच्या पाण्याचे क्षार डाग ठेवून जातात. त्यानंतर नुसत्या हातांनी शिवायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा प्रायमरखालून महिन्याने वर येतो.

पितळ चकचकीत दिसावं म्हणून कुणी पितांबरी घेऊन बसतं. देवाच्या समईला ठीक आहे. रंगाला चकचकीत पृष्ठभाग धरवत नाही आणि पावडर रिव्हेटच्या मुळाशी बसून राहते. पितळ काळवंडलं असेल तर चिंचेच्या कोळात थोडा वेळ ठेवून धुवा. जस्ताला मात्र आंबट काही लावू नका.

पितळ आणि जस्त यांना एच प्रायमर लागतो, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरून ठेवणारा. दाराचा रेड ऑक्साइड इथे चालणार नाही, त्याचे कण या मापाला वाळूसारखे दिसतात. प्लॅस्टिकला मॉडेलचा साधा करडा प्रायमर. वर पिवळा किंवा तांबडा यायचा असेल तर पांढरा, नाहीतर ते रंग मळकट उतरतात.

११. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नाही. ब्रशने किंवा स्प्रे कॅनने जमेल का?

स्प्रे कॅनने जमतं, ब्रशने बॉडी रंगवणं अवघड. एक हिशेब करून बघा. डब्लो १:७६ प्रमाणात आहे. तुमच्या रंगाची एकूण जाडी ५० मायक्रॉन झाली, तर खऱ्या इंजिनाच्या मापात ती ३.८ मिलिमीटर होते. एवढा लेप खऱ्या इंजिनावर असता तर रिव्हेट दिसलेच नसते. म्हणून पातळ थर, तीन-चार, आणि पहिल्या थरात रंग पूर्ण झाकला गेला नाही तर घाबरायचं नाही.

एअरब्रश असेल तर रंग दुधाइतका पातळ करा (गायीच्या, म्हशीच्या नव्हे), दाब १५ ते २० पीएसआय, अंतर १० ते १५ सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, नाहीतर टोकांना ओघळ येतात. स्प्रे कॅन असेल तर आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा. कोमटच, गॅसवर ठेवून तापवणारे महाभाग मला भेटलेत. वाळत ठेवताना वर स्टीलचा पोळ्यांचा डबा पालथा घाला, धूळ बसत नाही.

१२. जुलैमध्ये रंगवलं आणि चकचकीत काळ्यावर पांढरी साय आली. हे काय?

मुंबई-कोकणातून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. एनसी लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, यातला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावरच जमतं. तीच ही साय. भिंतीवर लावलेला हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) ७० टक्क्यांच्या वर असेल तर मी लॅकरचं झाकणही उघडत नाही. बिघडलेलं बहुतेक वेळा सुधारता येतं : कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा अगदी हलका फवारा मारा, रंग पुन्हा मऊ होऊन बाष्प निघून जातं. थांबवत नसेल तर पावसाळ्यात इनॅमल वापरा. त्यालाही वाळायला जास्त वेळ लागतो, पण साय येत नाही.

१३. दुसरा थर मारल्यावर पहिल्याला सुरकुत्या पडल्या. का?

इनॅमलवर लॅकर मारला असणार. लॅकरचा तिखट थिनर खालचं इनॅमल फुगवतो. उलटं चालतं : खाली लॅकर, वर इनॅमल. इनॅमलवर इनॅमल मारतानाही घाई नको. नाकाशी धरून वास घ्या. वास येतोय तोवर वाळलेलं नाही, नखाला कितीही कडक लागू दे. सुरकुत्या पडल्याच तर तेवढाच भाग सावरायचा प्रयत्न करू नका, प्रश्न ४ कडे परत जा.

१४. मूळ छटा कशी जुळवायची?

फोटोवरून नाही. नावाच्या पट्टीखाली, चॅसिसने झाकलेल्या कडेला किंवा छपराच्या आतल्या बाजूला उन्हाने न उडालेला रंग सापडतो. रंग उतरवण्याआधी तिथला फोटो पुरेसा नाही. शक्य असेल तर नखाएवढा तुकडा तिथेच राहू द्या. तांबडे रंग सगळ्यात आधी उडतात.

खऱ्या इंजिनाच्या छटेवरून हमखास वाद घालणारे भेटतात. डब्लोचं पहिलं मोठं इंजिन, ४४९८ क्रमांकाचं 'सर नायजेल ग्रेस्ली', एलएनईआर या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या निळ्यात आलं. खरं इंजिन नेमकं किती निळं होतं यावर तुम्ही आयुष्य काढू शकता. आपण दुरुस्त करतोय ते कारखान्यातून निघालेलं खेळणं, तेव्हा त्या कारखान्याने जो निळा वापरला तोच बरोबर. छटा दिवसाच्या उजेडात जुळवा, ट्यूबलाइटखाली ती फसवते.

१५. बारीक रेषा आणि आकडे हाताने कसे काढायचे?

आकडे आणि नावं पाण्यातल्या ट्रान्सफरने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांनी. त्यांच्याखाली रंग चकचकीत हवा. मॅटवर लावले तर खाली हवा अडकून कडेने चंदेरी चमक दिसते. आधी ग्लॉस वार्निश, मग ट्रान्सफर, मग सगळ्यावर हवं ते वार्निश.

रेषांसाठी रूलिंग पेन. जुन्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या कंपास पेटीत ते असतं, दोन पात्यांचं, मध्ये स्क्रू असलेलं. जुन्या बाजारात अशी पेटी दिसली तर सोडू नका. रंग पात्यांच्या मध्ये ब्रशने भरायचा, बाहेरून पुसून घ्यायचं आणि पाटीवर पन्नास रेषा ओढल्यावरच इंजिनाला हात लावायचा. दोन रंगांची सीमा मास्किंग टेपने काढताना फिका रंग आधी मारा. टेप लावल्यावर तिच्या कडेवर पुन्हा तोच फिका रंग हलका फवारा, मग गडद. जे झिरपायचं ते फिकंच झिरपतं आणि दिसत नाही.

१६. विलायती डब्यांना डेक्कन क्वीनचा रंग दिला तर?

माझ्या मते, ज्याचा मूळ रंग आधीच गेलाय त्याला द्या, खुशाल. शाबूत गाडीला नको. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचे दोन संच होते : एक चंदेरी, त्यावर शेंदरी पट्ट्या, दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. निळा-सोनेरी संच रूलिंग पेनला उत्तम परीक्षा आहे. चंदेरीसाठी खाली काळा ग्लॉस द्या, करड्यावर तो ॲल्युमिनिअमच्या भांड्यासारखा दिसतो. मापाचे काटेकोर लोक टोकतीलच : आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:७६ मध्ये २२ मिलिमीटर होतो आणि हे डबे १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. त्यांना चहा द्या.

१७. रंग काढताना खाली दुसराच रंग दिसला. आता?

हात थांबवा. वरचा रंग कुणा मालकाने नंतर लावलेला असेल आणि खालचा कारखान्याचा भाजलेला असेल, तर वरचा एकटा उतरवता येतो. रिमूव्हर बाजूला ठेवा. आयपीएने ओली केलेली कापसाची काडी, एक-एक सेंटिमीटर. नंतरचा ॲक्रिलिक रंग मऊ होतो आणि भाजलेलं इनॅमल बहुतेक तग धरतं. काडीवर खालची छटा येऊ लागली की ताबडतोब कोरड्या कापसाने टिपा. खालच्या ट्रान्सफरची मात्र खात्री नाही, ते बरेचदा वरच्या रंगाबरोबरच निघतात.

१८. रंगवून झालं, पण इंजिन चालत नाही. मोटर जळली का?

मोटर बहुधा ठणठणीत असते. धातूच्या चॅसिसच्या इंजिनांत वीज चॅसिसमधूनच फिरते आणि तुम्ही तिच्या वाटेत रंग मारलाय. आसाच्या भोकांतला, स्क्रूच्या डोक्याखालचा आणि मोटर टेकते तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. चाकांच्या कडा आयपीएने पुसा. तरी नाही, तर बॉडी थोडी सैल करून चालवून बघा. आत जाड बसलेल्या रंगाने ती चाकांच्या दांड्यांना घासत असते.

१९. रंगवलेली गाडी विकताना सांगावं लागतं का?

हो. मूळ रंगाची, थोडी खरचटलेली गाडी संग्राहक नव्या रंगाच्या गाडीपेक्षा जास्त पैसे देऊन घेतात, म्हणून न सांगणं ही फसवणूकच. मी बॉडीच्या आत बारीक ब्रशने महिना, वर्ष आणि वापरलेल्या रंगाचा प्रकार लिहून ठेवतो. पुढच्या माणसाला ती उतरवायची वेळ आली तर त्याला प्रश्न ३ पासून सुरुवात करावी लागत नाही.